दोन बोटं जास्त

बाहेरच्या खोलीतला सोफा आतल्या खोलीत गेला, आतल्या खोलीतलं कपाट स्वयंपाकघराच्या दाराशी आलं, आणि मास्तरांच्या घरात होडीला जागा झाली. त्या दिवसापासून चहा करायला जायचं तर पोट आत घेऊन, अंग चोरून जावं लागे. मास्तरांच्या बायकोने सुरुवातीला नाक मुरडलं, भांडी जरा जोरात आपटली, आणि मग एका सकाळी फळीचं दुसरं टोक धरून तीच उभी राहिली. दुकानात काज-बटणं आणि तुरपाई जन्मभर तिनेच केली होती. नवऱ्याने कापायचं आणि आपण धरायचं, ही सवय दुकान बंद झालं म्हणून थोडीच जाते?

मास्तर म्हणजे टेलर मास्तर. त्या भागातल्या निम्म्या पुरुषांच्या पँटी त्यांच्या हातच्या, आणि कोणाचं पोट सुटायला लागलंय हे त्यांना त्या माणसाच्या बायकोच्याही आधी कळायचं. डोळे दमले तसं गेल्या वर्षी त्यांनी दुकान आवरलं. रिकामा माणूस काहीतरी उद्योग काढतोच. कोणी कुंड्या लावतं, कोणी सोसायटीच्या मीटिंगा गाजवतं. मास्तरांनी होडी काढली. पण ती हौस म्हणून नव्हे, हे लोकांना माहीत नव्हतं, आणि मास्तरांनी सांगितलंही नाही.

खरं कारण ताई. ताई म्हणजे त्यांची मोठी बहीण. आई लवकर गेल्यावर तिनेच त्यांना वाढवलं. ती तलावाच्या पलीकडच्या काठाला राहायची. या काठावरून चांगल्या उजेडात तिच्या घराचं छप्परही दिसे. पूर्वी मधे लाँच चालायची, तेव्हा ताई वाटेल तेव्हा उठून यायची. तलावाला वळसा घालणारा रस्ता झाला आणि लाँच बंद पडली. मग रस्ताही उखडला. तीन वर्षांपूर्वी ताई गाडीतून आली होती, त्या खड्ड्यांनी तिच्या पाठीचा मणका दुखावला आणि ती महिनाभर अंथरुणात पडून राहिली. डॉक्टरांनी निक्षून सांगितलं, यापुढे धक्के चालणार नाहीत. तेव्हापासून ती या घरी आली नव्हती. ज्या घरात ती जन्मली, आणि ज्या घराच्या बाहेरच्या खोलीत तिने धाकट्या भावाला सुई धरायला शिकवली, ते घर तिला समोर असून लांब झालं होतं.

आणि आता तिची मुलगी तिला आपल्या शहरात कायमची न्यायला निघाली होती. थंडी सुरू व्हायच्या आत. तिकडून शहराला जाणारा मोठा रस्ता गुळगुळीत होता; खड्डे होते ते तलावाच्या वळशावर.

"जायच्या आधी एकदा घर बघून घेईन म्हणत होते," ताई फोनवर म्हणाली होती. "राहिलंच."

"मासे धरणाऱ्या कोणाला तरी सांगतो. होडीतून आणतील."

"अनोळखी माणसाच्या होडीत मी मरायला पण बसणार नाही."

"मग कोणाच्या होडीत बसशील?"

"तू शिव एखादी," ताई म्हणाली आणि हसली. "तुझ्या हातचंच घालते ना मी आयुष्यभर?"

ताई चेष्टेत बोलली होती. मास्तरांना ते रात्रभर पुरलं. सकाळी त्यांनी भाचीला फोन केला. भाची म्हणजे ताईची तीच मुलगी. "तुझ्या त्या मोबाइलमध्ये होडी कशी करायची ते सापडतं का गं?" असं त्यांनी विचारलं. भाचीला वाटलं मामाला करमत नसेल. तिने एक सोपा आराखडा शोधून पाठवला, आणि त्यात लिहिलं होतं की फळ्यांच्या कडांना भोकं पाडायची, तांब्याच्या तारेने त्या एकमेकींना शिवायच्या, मग सांध्यांवर आतून-बाहेरून फायबरची पट्टी गोंदाने बसवायची. मास्तरांनी ते दोनदा वाचलं आणि चष्मा काढून ठेवला. म्हणाले, "हे तर आपलंच काम आहे."

प्लाय आला वखारीतून. वखारवाला मास्तरांचा शाळेपासूनचा दोस्त, आणि फुकटचा सल्ला देण्यात उदार. प्लाय उतरवतानाच त्याने विचारलं, "होडी झाल्यावर दारातून काढणार कशी? भिंत पाडणार?"

"तू माडीवरची गादी कशी खाली आणतोस?"

"उभी करून."

"तशीच."

वखारवाल्याचा हा एकच विनोद होता आणि तो असा पहिल्याच घासाला संपला, त्यामुळे तो जरा हिरमुसला. जाताना म्हणाला, "बरं बाबा. घोडामैदान जवळच आहे."

मास्तरांनी काम आपल्या पद्धतीने सुरू केलं. आधी खाकी कागदावर एकेका भागाचं पूर्ण मापाचं कटिंग काढलं: तळ, दोन बाजू, मागची फळी, पुढची फळी. कागद प्लायवर अंथरला, कोपऱ्यांवर दुकानातल्या जुन्या इस्त्र्या ठेवल्या आणि शिंप्याच्या चपट्या खडूने रेघ मारली. ती रेघ बघण्यासारखी होती, तळाला लागणारी लांब बाकदार रेघ, कुठे न थरथरता आलेली. मग करवत. बायकोने पलीकडचं टोक धरलं, आणि चूल विझल्यासारखी गप्प असलेली ती बाई करवतीच्या आवाजात हळूच म्हणाली, "हात नाही बाई विसरला." मास्तरांनी ऐकलं नाही असं दाखवलं आणि पुढची फळी जास्त सुबक कापली.

मग टाके घालायला बसले दोघं. ते बाहेरून तार आत सारणार, ती आतून पकडीने पिळणार. दिवसभर खोलीत लाकडाचा भुसा आणि तांब्याचा वास. एकेक कड जुळत आली आणि जमिनीवरच्या सपाट फळ्यांनी एकदम पोट धरलं, बाजू वर आल्या, आणि दोन स्टुलांवर होडी उभी राहिली. बायको मागे सरकली, कपाटाला टेकली आणि तिने होडी डोळे भरून पाहिली.

"अंगाने चांगली भरलीय," ती म्हणाली.

मास्तरांच्या मनात तेच आलं होतं, पण त्यांना ते बरं वाटलं नाही. गिऱ्हाईक आरशासमोर उभं असताना खांद्यापाशी काहीतरी खुपतं ना, तसं त्यांना खुपलं. गळ्यातला टेप काढून त्यांनी होडीची रुंदी घेतली. आराखडा बघितला. पुन्हा घेतली. माप चुकणं त्यांना ठाऊक नव्हतं. टेप जुना म्हणून लांबलाय का, म्हणून दुसरा टेप काढला. दोन्ही टेप एकच सांगत होते. होडी एक साइज मोठी झाली होती.

कसं झालं हे कळायला त्यांना खाली वाकावं लागलं. फळीच्या कडेच्या आतल्या बाजूला, कडेपासून दोन बोटांवर, पांढरी रेघ होती. खडूची, त्यांच्याच हातची. सगळ्या फळ्यांना, सगळ्या कडांना, दोन बोटं आत.

शिंपी कापडावर रेघ मारतो ती शिवणीची. कापतो तो रेघेच्या बाहेरून, दोन बोटं माया सोडून, म्हणजे शिवण आत घेता येते आणि उद्या अंग वाढलं तर उसवून कपडा मोठा करता येतो. कापड दुमडतं, आत जातं, हिशेब जुळतो. लाकूड दुमडत नाही. लाकडाला रेघ म्हणजे रेघ. हे शाळेतल्या पोरालाही कळतं, आणि मास्तरांनाही कळत होतंच; फक्त त्यांच्या हाताला कोणी सांगितलं नव्हतं. आणि पलीकडचं टोक धरणारी, तीही जन्मभर दोन बोटं सोडूनच कापलेलं बघत आलेली. तिलाही काही वावगं दिसलं नाही.

त्यांना फूटपट्टी आठवली. दहा-अकरा वर्षांचे होते. याच खोलीत पहिला सदरा त्यांनी कापला होता, आणि शहाणपणा करून बरोबर रेघेवरून कापला होता, कापड वाया जायला नको म्हणून. शिवल्यावर सदरा बाहुलीला व्हावा तसा झाला. ताईने लाकडी फूटपट्टी उचलून त्यांच्या बोटांवर हाणली होती. "कापताना हात आखडायचा नाही, धाकट्या! दोन बोटं सोड. कापलेलं परत वाढत नाही." मग तीच रात्रभर बसली आणि सदऱ्याला बगलेत पट्ट्या जोडून तिने तो भावाच्या अंगाला बसवला. त्यानंतर मास्तरांनी रेघेवरून कधीच कापलं नाही.

वखारवाल्याला बातमी लागलीच. तो आला, होडीभोवती पोट आत घेऊन फिरला आणि मनापासून हसला. "जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात ते उगीच नाही. लाकूड कुठं दुमडणार होतास रे?"

"चेष्टा पुरे. चालेल का ते सांग."

"बुडणार नाही. पण बाजू उंच झाल्या, वारा अडवणार. जड झाली, तुझ्या दंडांना लागणार. तू काही आता विशीतला नाहीस." मग मित्राचा चेहरा बघून तो जरा मऊ झाला. "नवीन प्लाय देतो. परत काप."

मास्तरांनी दोन दिवस तोंड पाडून काढले. जेवायला बसले की ताटाकडे कमी आणि होडीकडे जास्त बघत. ढगळ कपडा दुकानाबाहेर पाठवायचा नाही, ही त्यांची शिस्त. ढगळ होडीत बहिणीला बसवायचं? वारा उठला आणि मधेच हात थकले तर? दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते पक्कड घेऊन खाली बसले आणि त्यांनी पहिला टाका तोडायला घेतला.

"काय करताय?" बायको स्वयंपाकघरातून म्हणाली.

"उसवतोय."

ती हात पुसत आली. अंग चोरून कपाट ओलांडलं. "अहो, उसवाल. परत कापाल. परत शिवाल. माझी काही ना नाही. पण वन्सं तोवर थांबणारेत का?"

मास्तरांनी टाका तोडला.

"लोकांना तर तुम्हीच सांगायचात. पोराचा कपडा आहे, वाढत्या अंगाचा शिवा, घट्ट नको. मग आता आपल्याच घरचं जरा मोकळं झालं तर एवढं काय आभाळ कोसळलं?"

"लोक हसतील."

"हसू देत. लोकांना न्यायचंय का तिकडून?"

मास्तरांनी पक्कड खाली ठेवली. तोडलेल्या टाक्याच्या जागी नवी तार ओवली, आणि बायकोने आतून पिळली.

पुढचं काम सरळ होत गेलं. सांध्यांवर पट्ट्या बसल्या. गोंदाच्या वासाने शेजाऱ्यांनी खिडक्या लावून घेतल्या आणि मग त्याच खिडक्या उघडून चौकशा सुरू केल्या. रुंदी वाढली म्हणून वल्ही लांब करावी लागली. बसायच्या फळ्या तीन: पुढे एक, मधे वल्ह्यांसाठी एक, मागे एक. आराखड्यात मागच्या फळीवर एकच माणूस काढलेला होता, छोटीशी टोपी घातलेला. ताई त्या टोपीवाल्याच्या जागी बसणार, पुढे तोल साधायला बायको, मधे आपण, असं मास्तरांनी मनाशी पक्कं केलं. शेवटी आतून पारदर्शक वॉर्निश. त्या घाईत काठाजवळची खडूची रेघ पुसायची राहिली, आणि वॉर्निश सुकल्यावर ती काचेखाली ठेवल्यासारखी कायमची झाली.

होडी दारातून गादीसारखी उभी होऊन बाहेर पडली. वखारवाला आणि चार शेजारी हाताला होते, आणि वखारवाल्याने कोणालातरी सांगितलंच की ही युक्ती आपलीच. पाण्यात सोडल्यावर ती बदकासारखी बसली, ना इकडे कलली ना तिकडे. मास्तर आणि बायको दोन संध्याकाळी काठाकाठाने फिरले. होडी हळू जायची, वळायला कुरकुरायची, पण बायको मधेच उठून पुढच्या फळीवरून मधल्या फळीवर येऊन बसली तरी होडीला त्याचं काहीच वाटलं नाही. मास्तरांच्या दंडांत गोळे आले. त्यांनी ते कोणाला सांगितलं नाही.

ताई जायच्या आदल्या आठवड्यात एका सकाळी तलाव ताटात ओतल्यासारखा स्थिर होता. ते दोघं निघाले. पलीकडे पोचायला मास्तरांनी मनात धरलं होतं त्यापेक्षा बराच वेळ लागला, पण पोचले. लाँचचा जुना धक्का अजून शाबूत होता आणि त्याच्यावर भाचीने खुर्ची आणून ठेवली होती. खुर्चीत ताई. तीन वर्षांत ती जरा लहान झाली होती. मास्तरांनी शिवलेलं पोलकं तिला खांद्यांत सैल दिसत होतं.

"अगबाई," ताई म्हणाली. "खरंच शिवलीस."

"बस आता. वारा नाही तोवर निघू."

भाचीने आणि मास्तरांनी तिला दोन्हीकडून धरून धक्क्याच्या कडेला आणलं. तिने खाली बघितलं. होडी किंचित हलली, आणि ताईचा हात भावाच्या मनगटावर आवळला.

"मागे कोण बसणार माझ्याजवळ?"

"मागे तू एकटी. ही पुढे बसेल."

"एकटी?" ताईने पाऊल मागे घेतलं. "आणि हलली म्हणजे? पाठीला हिसका बसला तर मला धरणार कोण? तू वल्ही मारशील का मला धरशील?"

"मी हळू—"

"नको धाकट्या." तिचा आवाज रागाचा नव्हता, म्हणून जास्त वाईट वाटला. "तू केलीस, मी बघितली. बस झालं. मला भीती वाटते रे. तेव्हाचा तो महिना परत नको."

भाची हलक्या आवाजात म्हणाली, "मामा, राहू दे. हट्ट नको."

मास्तर धक्क्यावर दोरी धरून उभे राहिले. एवढं करून, एवढं जवळ आणून, दोन पावलांवरून बहीण परत फिरत होती, आणि तिला काही म्हणायची सोय नव्हती, कारण ती बरोबर होती. घरातली बाहेरची खोली तिच्यासाठी झाडून ठेवली होती. तिची खिडकीजवळची जागा मोकळी केली होती.

"मी बसते की वन्संच्या जवळ," बायको होडीतून म्हणाली.

"ती एका माणसाची फळी आहे," मास्तर म्हणाले.

"असू दे. बघू तर." ती मागच्या फळीवर जाऊन बसली आणि एका बाजूला सरकली, होडीच्या बाजूला टेकेपर्यंत. मग शेजारच्या जागेवर हात थोपटला, सोफ्यावर पाहुण्याला बोलवावं तसा. "या वन्सं. मी कमरेला घट्ट धरते. तोल जायचा तर दोघींचा जाईल."

ताईने बघितलं. जागेकडे, भावजयीकडे, पुन्हा जागेकडे. मग म्हणाली, "धर गं मला."

भाचीने पुढच्या फळीवर तोल साधायला पाण्याचे भरलेले कॅन आणून ठेवले. ताई उतरली, एकेक पाऊल, जीव मुठीत धरून, आणि बसली. भावजयीचा हात तिच्या कमरेमागून गेला. खांद्याला खांदा लागला, मांडीला मांडी. मास्तरांचा डोळा शिंप्याचा. त्यांनी बघितलं आणि माप आपोआप घेतलं गेलं: ताईच्या पलीकडे, तिच्या आणि होडीच्या बाजूच्या मधे, जेमतेम दोन बोटं जागा उरली होती. आराखड्याप्रमाणे होडी झाली असती तर त्या फळीवर या दोघी बसल्याच नसत्या. त्यांनी दोरी सोडायचं निमित्त करून तोंड फिरवलं.

निम्मा तलाव मागे पडला. होडी आपल्या चालीने चालली होती, हलत नव्हती, उंच बाजूंमुळे पाण्याचा थेंब आत येत नव्हता. ताईचा भावजयीच्या पदरावरचा हात हळूहळू सैल झाला आणि होडीच्या काठावर जाऊन टेकला. मग तिची नजर काठाच्या आतल्या बाजूला गेली. वॉर्निशखाली पांढरी रेघ होती, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, काठाला समांतर.

ताईने दोन बोटं जुळवली आणि रेघ आणि काठ यांच्या मधे ठेवली. बरोबर बसली.

तिने भावाकडे बघितलं. मास्तरांनी वल्ह्याकडे.

"लाकडाला सोडलीस?" ताई म्हणाली.

"हं."

"वेड्या."

"हाताला सवय," मास्तर म्हणाले. "लहानपणी मार खाऊन लागलेली."

ताई हसली नाही. ती आपल्या बोटांकडे आणि रेघेकडे बघत राहिली, मग शेजारी खेटून बसलेल्या भावजयीकडे बघितलं, त्या फळीकडे बघितलं, आणि तिला सगळं कळलं. समोरच्या काठावर घराची खिडकी दिसायला लागली होती.

"फूटपट्टीने मारलं होतं ना मी?"

"फूटपट्टीने."

"बरं केलं," ताई म्हणाली, आणि तिने आपली बोटं तिथेच ठेवली, घर येईपर्यंत.